प्रमाणपत्र मास्कचे, जीव कामगाराचा

मास्कची प्रयोगशाळेत कसून परीक्षा होते. अमेरिकेच्या एन-९५ चाचणीत मिनिटाला ८५ लिटर हवेबरोबर मिठाचे अतिसूक्ष्म कण मास्कमधून सोडतात. किमान ९५ टक्के कण अडले तरच उत्पादकाला मान्यता. आपल्याकडेही अशा मास्कसाठी आय.एस. ९४७३ हे मानक आहे.

पण ही परीक्षा कणांची आहे, वायूची नाही! मॅनहोलमध्ये हायड्रोजन सल्फाइड साचतो, प्राणवायू कमी होतो. कण अडवणारा मास्क हा वायू अडवत नाही. आणि हवेत प्राणवायूच नसेल तर कोणतीही गाळणी तो आणणार कुठून? तिथे शुद्ध हवा पुरवणारे उपकरणच लागते.

२०१३च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय कामगाराला गटारसफाईला लावणे गुन्हा ठरवले. २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारमृत्यूची भरपाई १० लाखांवरून ३० लाख केली. मग साधा मास्क देऊन ‘साधने दिली’ अशी नोंद करणे ही कायद्याची राजरोस फसवणूक नव्हे काय? गटारात कोणत्या जातींची माणसे उतरवली जातात, हे आम्ही वेगळे सांगायला नको.

म्हणून आमचे सफाई कामगार बांधवांना आणि त्यांच्या संघटनांना सांगणे आहे : मास्क मिळाला म्हणून गप्प बसू नका. तो कोणत्या धोक्यासाठी तपासला, त्याचा कागद मागा. कागद नसेल तर गटारात उतरू नका!