शिंगांचे शिरस्त्राण आणि चिखलातला मोजा

इंग्लंडमधील यॉर्क शहरात दरवर्षी फेब्रुवारीत व्हायकिंग उत्सव भरतो. लोकरी अंगरखे व चामडी जोडे घातलेली, हातांत ढाली घेतलेली माणसे रस्त्यांतून हिंडतात. शाळांचे वर्ग ते पाहायला येतात. विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही त्या वर्गात असता तर पहिला प्रश्न कोणता विचारला असता? माझा प्रश्न असा : हजार वर्षांपूर्वीचे लोक असेच जोडे घालत, हे कळले कसे?

उत्तर पायांखालच्या जमिनीत आहे. इ. स. ८६६ मध्ये व्हायकिंगांनी हे शहर जिंकले. १९७६ ते १९८१ या काळात येथील कॉपरगेट भागात उत्खनन झाले. ओल्या मातीतून घरांच्या ओकच्या फळ्या, लाकडी वाट्या, चामडी जोडे, एवढेच काय, पण एक लोकरी मोजाही निघाला! शिंगांचे शिरस्त्राण मात्र निघाले नाही. व्हायकिंगांचे तसे शिरस्त्राण आजवर कोठेच सापडलेले नाही. १८७६ साली वाग्नरच्या संगीतनाटकातील वेषभूषेमुळे ती कल्पना रूढ झाली. उत्सवातील जोड्याला पुरावा आहे, शिंगांना नाही.

पण लाकूड आणि लोकर हजार वर्षे कुजली कशी नाहीत? कुजण्याचे काम मुख्यतः बुरशी व जीवाणू करतात आणि त्यांतील बहुतेकांना प्राणवायू लागतो. पाण्याने गच्च भरलेल्या मातीत हवा शिरत नाही. त्यामुळे ही क्रिया अतिशय मंदावते.

खरा धोका वस्तू बाहेर काढल्यावर असतो. जुन्या लाकडाच्या पेशीभित्तिका दुबळ्या झालेल्या असतात. आतल्या पाण्याचाच त्यांना आधार असतो. ते पाणी सुकू लागले, की त्याच्या पृष्ठताणामुळे भित्तिका आत ओढल्या जातात. लाकूड आक्रसते, तडकते. म्हणून त्यात आधी पॉलिएथिलीन ग्लायकॉल हा मेणासारखा, पाण्यात विरघळणारा पदार्थ मुरवतात. मग लाकूड गोठवून निर्वातात ठेवतात. बर्फाची सरळ वाफ होते. कापराप्रमाणेच हे संप्लवन! मध्ये द्रवच नाही, तर पृष्ठताण कोठून येणार?

यॉर्कच्या जमिनीत अजून पुष्कळ अवशेष आहेत. भूजलाची पातळी खाली गेली, तर तेथे हवा शिरेल आणि हजार वर्षे टिकलेले पुरावे कोणी पाहण्यापूर्वीच कुजू लागतील.

घरी एक प्रयोग करा. गाजराच्या दोन सारख्या चकत्या कापून त्यांची कड कागदावर रेखून ठेवा. एक पाण्यात बुडवा, दुसरी उघड्यावर ठेवा. दुसऱ्या दिवशी दोन्ही त्या रेघेवर ठेवून पाहा. पाण्याचा आधार म्हणजे काय, ते गाजरच सांगेल.