घराजवळच्या छोट्या शेततळ्यात कोणता मासा सोडायचा?



पाऊस सुरू झाला की मत्स्यबीजाचे टेम्पो गावोगावी फिरायला लागतात. "कोणतंही टाका, सगळं वाढतं" असं सांगून पिशव्या हातात दिल्या जातात. दोन-चार गुंठ्यांच्या तळ्यात नेमका कोणता मासा घ्यावा, हे बऱ्याच सभासदांनी विचारलंय. म्हणून आजचा संदेश जरा मोठा आहे. पिशवी घेण्याआधी पूर्ण वाचा.

*आधी पाणी बघा, मग मासा*

आपली बहुतेक तळी बागेसाठी आहेत. मार्च-एप्रिलमध्ये डाळिंबाला पाणी लागणारच, तेव्हा माशासाठी कोणी पाणी राखून ठेवणार नाही, आणि ठेवूही नये. त्यामुळे पहिला प्रश्न असा, की तुमच्या तळ्यात किमान पाच फूट पाणी किती महिने टिकतं?

दहा-बारा महिने टिकत असेल तर साधी बोटुकली चालते. सात-आठ महिनेच टिकत असेल तर लहान बीज घेऊ नका. ते विकण्याजोगं होण्याआधी तळं आटतं. अशा ठिकाणी गेल्या वर्षीचं वाढवलेलं, ५० ते १०० ग्रॅमचं बीज घ्या. महाग पडतं, पण खंड्या आणि पाणकावळ्याच्या तोंडी कमी जातं.

आता एक हिशेब बघा. २० बाय २० मीटरचं, ३ मीटर खोल तळं, बाजूंचा उतार १:१. तळाशी ते १४ बाय १४ च असतं. पाणी निम्म्या उंचीवर आलं की वरचं क्षेत्र १७ बाय १७ मीटर, म्हणजे तीन गुंठ्यांपेक्षाही कमी राहतं. आणि पाणी निम्मं नाही, भरल्या तळ्याच्या साधारण ४१ टक्केच उरतं. मासे मात्र तेवढेच, आणि अंगाने मोठे झालेले. म्हणून भरलेलं तळं बघून संख्या ठरवू नका, निम्म्या पाण्यावर ठरवा. हवा खेळवायचं यंत्र नसेल तर गुंठ्याला ५० बोटुकल्या पुरे. या तळ्याला दीडशेच्या आत. त्यातले शंभर जगले आणि पाऊण किलोचे झाले तरी ७५ किलो मासा निघतो. हजार सोडले तर सगळे बोटाएवढे राहतात, बाजारात कोणी विचारत नाही.

*मग कोणता?*

नवीन माणसाने कटला, रोहू, मृगळ या तिघांवरच राहावं असं आमचं मत आहे. कटला वरच्या थरात खातो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. एकमेकांच्या ताटात हात घालत नाहीत. मातीच्या तळ्यात शंभरात कटला ४०, रोहू ३०, मृगळ ३० असं प्रमाण चालतं. प्लास्टिकच्या तळ्यात तळाला गाळ नसतो, मृगळाला खायला कमी मिळतं. तिथे कटला ४०, रोहू ४०, मृगळ २० ठेवा. रोहूत 'जयंती' हा भुवनेश्वरच्या संस्थेने निवडपद्धतीने तयार केलेला जलद वाढणारा वाण आहे. खात्रीच्या केंद्रावर मिळाला तर जरूर घ्या, टेम्पोवाल्याच्या तोंडी नावावर जादा पैसे देऊ नका.

चंदेरा वाढतो झपाट्याने, पण कटल्यासारखाच वर खातो आणि कटला मागे पडतो. दोन्ही एकत्र नकोत. गवत्या पाच-दहा सोडायला हरकत नाही, पण प्लास्टिकच्या तळ्यात पाणगवत नसतं, रोज लसूणघास टाकावी लागेल. सायप्रिनस काटक आहे, मात्र मातीचा बांध उकरतो आणि वर्षाच्या आतच तळ्यात अंडी घालतो. कच्च्या बांधाच्या तळ्यात नकोच.

रूपचंद आणि पंगस दिसायला फायद्याचे वाटतात. पण ते पूर्ण विकतच्या खाद्यावर वाढतात, आणि थंडीत पाणी गार पडलं की खाणं सोडतात, मरतुकही होते. खाद्याचा खर्च पेलणार असेल आणि थंडीच्या आत काढणार असाल तरच.

चिलापी ओढ्यातून किंवा धरणातून आणून टाकू नका. तीन-चार महिन्यांत पिल्लं घालायला लागतो, वर्षभरात तळं बारक्या माशांनी भरतं आणि कटला-रोहूचं खाद्य तेच संपवतात. सुधारित गिफ्ट जातीचा चिलापी वेगळा, पण त्याला मत्स्यव्यवसाय विभागाची परवानगी लागते.

आणि *थाई मागूर अजिबात नाही.* "गढूळ पाण्यात पण वाढतो, मरत नाही" म्हणून विकतात. त्याच्यावर केंद्र सरकारची २००० सालापासून बंदी आहे, २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादानेही तो नष्ट करायला सांगितलंय. मांसाहारी मासा आहे, तळ्यातली बाकीची बोटुकली खातो. पावसात सांडव्यातून ओढ्यात गेला तर तिथले देशी मासेही संपवतो. विभागाची कारवाई झाली तर तुमचं पूर्ण तळं रिकामं करतील. नुकसान तुमचंच, विकणारा तोवर पुढच्या तालुक्यात गेलेला असतो.

*सोडल्यानंतरचं थोडक्यात*

पिशवी सकाळी किंवा संध्याकाळी आणा. न उघडता पंधरा-वीस मिनिटं तळ्यावर तरंगत ठेवा, मग हळूहळू तळ्याचं पाणी आत घ्या आणि मासे आपोआप बाहेर जाऊ द्या. खाद्याला शेंगदाणा पेंड आणि भाताचा कोंडा समप्रमाणात, माशांच्या वजनाच्या दोन-तीन टक्के. ढगाळ दिवशी खाद्य कमी करा.

पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करत असतील तर पाण्यातला प्राणवायू कमी झालाय. लगेच मोटर लावून तेच पाणी उंचावरून तळ्यात पाडा, त्या दिवशी खाद्य आणि शेण दोन्ही बंद.

शेणाबद्दल एक अडचण आहे. पाणी हिरवट झालं तर माशाला चांगलं, पण ठिबकला वाईट. तळ्यावर ठिबक असेल तर शेण अगदी बेताने, आणि सँड फिल्टर वेळेवर उलटा धुवून घ्या. फूटव्हॉल्वला बारीक जाळी बांधा, नाहीतर बोटुकली पाइपात.

फवारणीचा पंप तळ्यात धुऊ नका. सायपरमेथ्रिनसारखं औषध अगदी थोडं गेलं तरी मासे मरतात.

प्लास्टिकच्या तळ्यात उतरलेला माणूस शेवाळावरून घसरला की पोहता येत असूनही वर चढू शकत नाही. मासे आले की पोरं काठावर जमतात. चारही बाजूंना गाठी मारलेले दोर, एक हवा भरलेली ट्यूब आणि भोवती कुंपण, हे झाल्याशिवाय बीज आणू नका.

बीज एकत्र मागवायचा विचार आहे. ज्यांना हवं त्यांनी तळ्याची लांबी-रुंदी-खोली, प्लास्टिक आहे की मातीचं, आणि पाणी कोणत्या महिन्यापर्यंत टिकतं, एवढं लिहून आपल्या गटप्रमुखाकडे द्या. तळ्यात पाच फूट पाणी झाल्यावरच बीज पाठवलं जाईल.