चोर सोडून गुडघ्याला फाशी

हिवाळ्यातल्या मॅरेथॉनची तारीख जाहीर झाली, की नाशिककर गुडघ्याला बाशिंग बांधून पहाटे बाहेर पडतात. गोल्फ क्लबचा ट्रॅक, गंगापूर रोड, पांडवलेणीच्या पायऱ्या, सगळीकडे बुटांची धपधप. पुढे त्यातल्याच काहींच्या गुडघ्यावर नी-कॅप चढते. आठवडाभर विश्रांती घेतली की बरं वाटतं, धावलं की पुन्हा तेच. कारण दुखतो गुडघा, पण खोडी बहुतेक वेळा भलत्याचीच असते.

आरशासमोर उभे राहा आणि एका पायावर सावकाश अर्धी बैठक मारा. गुडघा पायाच्या अंगठ्याच्याही आत झुकतोय? मग खुब्याभोवतीचे स्नायू कच्चे असण्याची दाट शक्यता. वरचा खुबा डळमळला की मधल्या गुडघ्याला ते निस्तरावं लागतं.

आता दुखरी जागा एका बोटाने दाखवा. वाटीच्या मागे किंवा भोवताली दुखतंय, जिना उतरताना आणि तासभर बसून उठताना जास्त? हा ‘रनर्स नी’. पांडवलेणी चढताना दम लागतो. पण असा गुडघा तक्रार करतो ती उतरताना, कारण तेव्हा मांडीचे स्नायू ताणलेल्या अवस्थेत ब्रेक लावत असतात. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, ठरावीक अंतर धावल्यावरच कळ येते? मग संशय आयटी बँडवर. खुब्यापासून नडगीपर्यंत उतरणारा हा पट्टा गुडघा साधारण ३० अंशांत वाकला की हाडावर दाबला जातो, आणि धावताना पाऊल टेकल्यावर नेमका तोच कोन येतो. वाटीच्या खालच्या टोकाला दाबलं की चमक? तिथली कंडरा ताणली गेलेली असू शकते.

रस्ताही सामील असतो बरं का! पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून डांबरी रस्ता मध्ये उंच आणि कडेला उतरता ठेवतात. रोज एकाच कडेने धावलात, तर एक पाय कायम खाली. ट्रॅकवरही तसंच. १०,००० मीटर म्हणजे ४०० मीटरच्या २५ फेऱ्या, आणि सगळी वळणं डावीकडे! सरावात अधूनमधून दिशा बदला.

याच अंतराच्या शर्यतीत २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत कविता राऊतने कांस्यपदक जिंकलं. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची ही मुलगी लहानपणापासून डोंगरवाटा तुडवत मोठी झाली होती. खुर्चीत दहा वर्षं काढून एका महिन्यात दहा किलोमीटर गाठणाऱ्याच्या पायांना ती सवय कुठून असणार? माझ्या मते सगळ्यात मोठा चोर हाच: अचानक वाढवलेलं अंतर.

एमआरआय काढला की कारण कळेलच, असं समजू नका. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, काहीही दुखत नसलेल्या ११५ जणांचे २३० गुडघे तपासले. ९७ टक्के गुडघ्यांत काही ना काही बिघाड दिसला!

‘धावून गुडघे झिजतात’ म्हणणाऱ्या काकांना हे जरूर सांगा. २०१७ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा हौशी धावपटूंमध्ये खुब्याचा किंवा गुडघ्याचा संधिवात ३.५ टक्के निघाला आणि बैठं आयुष्य जगणाऱ्यांत १०.२ टक्के. स्पर्धात्मक धावपटूंत मात्र १३.३ टक्के, म्हणजे अतीही नको.

एक सोपा उपाय: वेग तोच ठेवून पावलं थोडी आखूड टाका. मिनिटाला १६० पावलं पडत असतील तर १६८ करा. एवढ्या ५ टक्क्यांनीही गुडघ्यावरचा भार हलका होतो, हे २०११ च्या एका अमेरिकी अभ्यासात दिसलं आहे.

गुडघा सुजला, अडकला, अचानक लचकला, रात्री ठणकायला लागला किंवा हाडावर एकाच बिंदूत दुखू लागला, तर घरगुती तपास थांबवा आणि अस्थिरोगतज्ज्ञ गाठा. जाताना गेल्या दोन महिन्यांत कधी, कुठे, किती धावलात ते कागदावर लिहून न्या.