हरवलेला सेरेस

मंगळ आणि गुरू यांच्या कक्षांमध्ये फार मोठे अंतर आहे. सूर्यापासून ग्रहांची अंतरे एका ठरावीक क्रमाने वाढत जातात, असे अठराव्या शतकातील ज्योतिर्विदांच्या ध्यानी आले होते. परंतु या ठिकाणी तो क्रम तुटत असे. तेथे एखादा अज्ञात ग्रह असला पाहिजे, असा तर्क करून काहींनी त्याचा शोध घेण्याचे ठरविले.

शोधाचा मान मात्र भलत्याच माणसास मिळाला. सिसिली बेटावरील पालेर्मो येथील वेधशाळेत जुसेप्पे पियाझी हा ज्योतिर्विद ताऱ्यांची सूची तयार करीत असे. १ जानेवारी १८०१ च्या रात्री त्याला वृषभ राशीत एक अंधुक ज्योती दिसली. दुसऱ्या रात्री त्याने पुन्हा दुर्बीण लावली, तो त्या ज्योतीने आपली जागा किंचित बदललेली! ताऱ्यांची परस्परांतील अंतरे अशी एका रात्रीत बदलत नाहीत. तेव्हा हा तारा नव्हे, हे पियाझीने ओळखले. पुढे त्याने तिला धान्याच्या रोमन देवतेवरून ‘सेरेस’ हे नाव दिले.

११ फेब्रुवारीपर्यंत पियाझीने तिचे वेध घेतले. त्यानंतर तो आजारी पडला आणि लवकरच सेरेस सूर्याच्या तेजात दिसेनाशी झाली. काही महिन्यांनी ती पुन्हा रात्रीच्या आकाशात येणार होती; पण कोठे? अफाट आकाशात तो अंधुक ठिपका कसा शोधावा?

हे कोडे सोपे नव्हते. धावत्या गाडीतून दूरच्या वाटेवरील कंदील पाहिला, तर तो कोणत्या दिशेस आहे एवढेच कळते; तो किती दूर आहे, हे समजत नाही. पियाझीचीही हीच अडचण होती. पृथ्वी स्वतः फिरत होती, सेरेसही फिरत होती आणि हाती होते ते केवळ एकेचाळीस दिवसांतील दिशांचे वेध.

जर्मनीतील कार्ल फ्रीड्रिख गाऊस या चोवीस वर्षांच्या गणितज्ञाने हे कोडे हाती घेतले. सूर्याभोवती फिरणाऱ्या गोलाची कक्षा लंबवर्तुळाकार असते, या केप्लरच्या नियमाच्या आधारे त्याने नवी रीत शोधली व सेरेसचे भावी स्थान वर्तविले. ३१ डिसेंबर १८०१ रोजी फॉन त्साख या ज्योतिर्विदास ती त्या स्थानाच्या अगदी जवळ आढळली. हरवलेली सेरेस गणिताने सापडली!

सेरेसचे सूर्यापासून सरासरी अंतर सुमारे ४१ कोटी किलोमीटर, म्हणजे पृथ्वीच्या अंतराच्या पावणेतीनपट आहे. सूर्याभोवती एक प्रदक्षिणा घालण्यास तिला सुमारे ४.६ वर्षे लागतात. तिची कक्षा पृथ्वीच्या कक्षेशी साडेदहा अंशांहून किंचित अधिक कललेली आहे. स्वतःभोवती मात्र ती सुमारे नऊ तासांतच फिरते.

तिचा व्यास सुमारे ९४० किलोमीटर असून मंगळ आणि गुरू यांच्यामधील लघुग्रहांच्या पट्ट्यात तीच सर्वांत मोठी आहे. त्या पट्ट्यात लक्षावधी लघुग्रह असले, तरी सर्वांच्या एकूण वस्तुमानापैकी एकतृतीयांशाहून अधिक वाटा एकट्या सेरेसचा आहे. तरीही तिचे गुरुत्वाकर्षण इतके क्षीण आहे, की पृथ्वीवर ३५ किलो भरणाऱ्या मुलाचे वजन तेथे सुमारे एक किलो भरेल. आकाराने गोल असल्यामुळे २००६ साली तिची गणना बटुग्रहांत करण्यात आली.

मार्च २०१५ मध्ये ‘डॉन’ हे अमेरिकन यान सेरेसभोवती फिरू लागले. त्याने पाठविलेल्या छायाचित्रांत काळपट भूमीवर शुभ्र डाग चमकताना दिसले. ते सुमारे ९२ किलोमीटर रुंदीच्या ओकेटर नावाच्या विवरात होते. तपासणीअंती तो क्षारांचा थर ठरला आणि त्यात धुण्याच्या सोड्याचा मूळ घटक, सोडियम कार्बोनेट, आढळला. भूगर्भातील खारे पाणी वर आले, ते उडून गेले आणि क्षार मागे राहिले, असे शास्त्रज्ञ मानतात. सेरेसच्या पोटात बर्फ आहे, हेही या यानामुळे स्पष्ट झाले. २०१८ साली इंधन संपल्याने डॉनचे कार्य थांबले.

पियाझीने रात्रीमागून रात्री काळजीपूर्वक नोंदी केल्या नसत्या, तर गाऊसला गणित मांडण्यास आधारच उरला नसता. आणि गाऊसने ते गणित सोडविले नसते, तर पियाझीच्या नोंदी कागदावरच राहिल्या असत्या. एकाने पाहिले, दुसऱ्याने मोजले, तिसऱ्याने शोधून काढले; म्हणूनच आकाशात हरवलेला तो ठिपका पुन्हा मानवाच्या दृष्टीस पडला.