मालमोटारींची नोंदणी व सुरक्षा-तपासणी

माल वाहून नेणारे मोटार वाहन रस्त्यावर चालविण्यास कायद्याने पात्र व यांत्रिक दृष्ट्या निर्धोक आहे की नाही, तसेच वाहतुकीचा धंदा करणारी पेढी नोंदलेली आहे की नाही, हे पडताळण्याची शासकीय पद्धती. भारतात ही पद्धती मुख्यत्वे मोटार वाहन अधिनियम, १९८८ (अंमल १ जुलै १९८९ पासून), त्याखालील केंद्रीय नियम, १९८९ आणि रस्ता माल वाहतूक अधिनियम, २००७ यांवर आधारलेली आहे. पहिल्या दोहोंचा संबंध वाहन व चालक यांच्याशी, तर तिसऱ्याचा पेढीशी येतो. हे दोन धागे अद्याप नीटसे जुळलेले नाहीत, हेच या पद्धतीचे मुख्य वैगुण्य होय.

भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यातील बपेरा हे मध्य प्रदेशाच्या सीमेलगतचे गाव या विषयाच्या दृष्टीने लक्षणीय आहे. नदीपात्रातील वाळू, तांदूळ व मँगॅनीज धातुक हा या भागातील वाहतुकीचा प्रमुख माल. याच तालुक्यात डोंगरी बुजुर्ग व चिखला येथे, तर सीमेपलीकडे बालाघाट जिल्ह्यात तिरोडी येथे मँगॅनीजच्या खाणी आहेत. येथील सीमा फार जुनी नाही. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत भंडारा व बालाघाट हे दोन्ही जिल्हे एकाच राज्यात होते. त्या दिवशी भंडारा मुंबई राज्यात आला, बालाघाट मध्य प्रदेशात राहिला आणि शेजारच्या बाजारास जाणारी मालमोटार कायद्याच्या दृष्टीने परराज्यात जाऊ लागली. एका राज्याचा परवाना दुसऱ्यात चालण्यास प्रतिस्वाक्षरी आवश्यक झाली. राष्ट्रीय परवान्याची योजना १९७५ मध्ये आली. २०१० पासून एकत्रित वार्षिक शुल्क भरून संपूर्ण देशात चालणारा परवाना मिळू लागला. तो १२ वर्षांहून जुन्या वाहनास (बहुअक्षी वाहनाच्या बाबतीत १५ वर्षांहून जुन्या) मिळत नाही.

नोंदणीचिन्हावरून वाहनाचे मूळ कार्यालय कळते. उदा., भंडाऱ्याच्या वाहनांवर ‘एमएच ३६’, तर गोंदियाच्या वाहनांवर ‘एमएच ३५’ असते. नोंदणी प्रमाणपत्रात मालकाचे नाव, चासी व एंजिन क्रमांक, रिकाम्या वाहनाचे वजन व मालासह अनुज्ञेय एकूण वजन दिलेले असते. पडताळणीत कागदावरील चासी क्रमांक प्रत्यक्ष सांगाड्यावर ठोकलेल्या क्रमांकाशी ताडून पाहणे ही पहिली पायरी होय. चोरीची किंवा मोडीत काढलेली वाहने बहुधा येथेच उघडकीस येतात. एका राज्यात नोंदलेले वाहन दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांहून अधिक काळ ठेवल्यास तेथील नवे चिन्ह घ्यावे लागते. सीमेवरील गावात मात्र वाहन नेमके कोठे ‘ठेवलेले’ आहे हे सिद्ध करणे सोपे नसते.

नव्या मालमोटारीस दोन वर्षांपर्यंत सुयोग्य मानले जाते. २०१८ च्या दुरुस्तीनुसार त्यानंतर वाहन आठ वर्षांचे होईपर्यंत दर दोन वर्षांनी व पुढे दरवर्षी योग्यता प्रमाणपत्राचे नूतनीकरण करावे लागते. गतिरोधक यंत्रणा (ब्रेक), सुकाणू, दिवे, धूर, परावर्तक पट्ट्या, ताशी ८० किमी.ची मर्यादा राखणारा वेगनियंत्रक आणि लहान वाहन मालमोटारीखाली शिरू नये म्हणून मागे व बाजूंस बसविलेले अडथळे हे तपासणीचे विषय आहेत. तपासणीच्या दिवसापुरते चांगले टायर बसवून नंतर ते उतरविले जातात, अशी तक्रार जुनी आहे. म्हणून प्रमाणपत्र असले, तरी रस्त्यावरील तपासणीचे महत्त्व कमी होत नाही.

अतिभार हा सर्वांत दुर्धर दोष. २०१८ मध्ये अनुज्ञेय वजने वाढविण्यात आली. दोन अक्षांच्या मालमोटारीस १६.२ टनांऐवजी १८.५ टन, तर तीन अक्षांच्या मालमोटारीस २५ टनांऐवजी २८.५ टन इतके एकूण वजन मान्य झाले. अमेरिकेत १९५८–६० मध्ये झालेल्या रस्ताचाचण्यांवरून रस्त्याची झीज अक्षभाराच्या सुमारे चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते असे दिसून आले. म्हणजे भार दीडपट झाल्यास झीज सुमारे पाचपट होते. अतिभारित वाहन थांबण्यास अधिक अंतर लागते, हा धोका वेगळाच. नुसत्या नजरेने अतिभार ओळखता येत नाही. मँगॅनीज धातुक वाळूपेक्षा बरेच जड असल्याने अर्धीच भरलेली दिसणारी गाडीही मर्यादा ओलांडू शकते, तर ओली वाळू कोरडीपेक्षा अधिक भरते. अधिकाऱ्यास वाहन काट्यावर नेण्यास सांगता येते. परंतु काटा पुढील मार्गावर १० किमी.च्या किंवा मुक्कामाच्या ठिकाणापासून २० किमी.च्या आत असावा लागतो. आडवळणाच्या रस्त्यांवर ही अट तपासणीच्या आड येते. दंड भरला म्हणजे जादा माल तसाच पुढे नेता येतो हा समज सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये परमजित भसीन प्रकरणात चुकीचा ठरविला. जादा माल उतरविलाच पाहिजे. २०१९ च्या दुरुस्तीने मूळ दंड २०,००० रुपये व प्रत्येक जादा टनास २,००० रुपये झाला.

चालकाचे काम दिवसास ८ व आठवड्यास ४८ तासांपुरते मर्यादित आहे. राष्ट्रीय परवान्याच्या वाहनावर दोन चालक असण्याची अट २०१८ मध्ये काढून टाकण्यात आली. त्यामुळे या मर्यादेचे पालन पाहण्याचे एक साधन कमी झाले.

पेढीची नोंदणी हा भाग तुलनेने नवा आहे. १८६५ च्या वाहक अधिनियमाची जागा घेणारा २००७ चा अधिनियम १ मार्च २०११ पासून लागू झाला. भाड्याने सर्वांचा माल नेणाऱ्या सामान्य वाहकास त्याखाली नोंदणी अनिवार्य असून ती दहा वर्षे टिकते. माल स्वीकारल्याची पावती, म्हणजे व्यवहारातील ‘बिल्टी’, देणे बंधनकारक आहे. मालाच्या हानीबद्दल दाव्यापूर्वीची नोटीस १८० दिवसांत द्यावी लागते. बिल्टीवर नोंदणी क्रमांक नसेल, तर व्यापाऱ्याने तेथेच सावध व्हावे.

‘वाहन’ या संगणकीय नोंदवहीतून वाहन क्रमांकावरून योग्यता, विमा व परवाना यांची मुदत आज कोणासही पाहता येते. एखाद्या पेढीच्या सर्व गाड्यांचे मिळून किती अपघात वा अतिभाराचे गुन्हे झाले, हे मात्र वाहनाच्या या नोंदीतून कळत नाही. अमेरिकेत आंतरराज्य वाहतूकदार पेढीस स्वतंत्र क्रमांक असतो आणि त्याखाली तिची तपासणी व अपघात यांच्या नोंदी जनतेस खुल्या असतात; ब्रिटनमध्ये तर परवानाच पेढीस दिला जातो व गाड्यांची देखभाल ढासळल्यास तो काढून घेतला जातो. भारतात दोष गाडीच्या नावे लागतो. गाडी विकली की पेढी त्यातून मोकळी होते.

याचा परिणाम अपघातग्रस्तांना भोगावा लागतो. त्रयस्थ पक्षाचा विमा सक्तीचा आहे. चालकाची अनुज्ञप्ती वैध नसली, तरी मृताच्या वारसांना विमा कंपनीने आधी भरपाई द्यावी व ती मालकाकडून वसूल करावी, असा मार्ग सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये स्वर्णसिंग प्रकरणात दाखविला. विमाच संपलेला असल्यास हा आधारही उरत नाही व वारसांना एकट्या मालकाच्या ऐपतीवर अवलंबून राहावे लागते. शेतीसाठी नोंदलेले ट्रॅक्टर-ट्रॉली वाळूच्या वाहतुकीस लावले असता हीच अडचण निराळ्या रूपाने उद्भवते. कारण विमा शेतीच्या वापरापुरता असतो आणि भाड्याच्या वाहतुकीत झालेल्या अपघाताची जबाबदारी कंपनी नाकारते.