इतिहासाची चित्रे आणि चित्रांतील इतिहास

शाळेच्या भिंतीवर, ग्रामपंचायतीच्या कार्यालयात किंवा पाठ्यपुस्तकाच्या पानावर दिसणारे ऐतिहासिक प्रसंगाचे चित्र मनावर जो ठसा उमटविते, तो दहा पाने वाचूनही उमटत नाही. सनावळी विसरली जाते. चित्र मात्र आयुष्यभर डोळ्यांपुढे राहते. म्हणूनच ते चित्र कोणी, केव्हा व कोणत्या हेतूने काढले, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. पुष्कळदा असे चित्र घडलेल्या प्रसंगाची साक्ष देत नाही. ते चित्रकाराच्या स्वतःच्या काळाची साक्ष देत असते.

एकोणिसाव्या शतकात युरोपात स्वच्छंदतावादी, म्हणजेच रोमँटिक, वृत्तीच्या इतिहासचित्रांना बहर आला. भव्य पट, नाट्यपूर्ण प्रकाश, संकटातही अविचल असलेला वीर ही या चित्रांची वैशिष्ट्ये होत. रेखाटन इतके हुबेहूब असे, की चित्रकार जणू तेथे उपस्थित होता असा भास व्हावा. या भासातूनच दंतकथा जन्मास येतात.

डेलावेअर नदीवरील रात्र

अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात २५ डिसेंबर १७७६ च्या रात्री जॉर्ज वॉशिंग्टन यांनी सुमारे २,४०० सैनिकांसह बर्फाळ डेलावेअर नदी ओलांडली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रेंटन येथे शत्रूवर विजय मिळविला. या प्रसंगाचे जगप्रसिद्ध चित्र इमॅन्युएल लॉइट्झ या जर्मन वंशाच्या चित्रकाराने १८५१ मध्ये, म्हणजे पाऊणशे वर्षांनंतर, जर्मनीतील ड्युसेलडॉर्फ शहरी पूर्ण केले. सुमारे साडेसहा मीटर रुंदीचे हे चित्र आज न्यूयॉर्क येथील मेट्रोपोलिटन संग्रहालयात आहे.

चित्रात पहाटेचा उजेड फाकला आहे. प्रत्यक्षात सैन्य नदी ओलांडीत होते ते रात्रीच्या अंधारात व वादळात. चित्रातील नाव लहान आहे. प्रत्यक्षात मालवाहतुकीच्या मोठ्या, उंच काठांच्या नावा वापरल्या गेल्या. चित्रात फडकणारा तारे व पट्ट्यांचा ध्वज तर १४ जून १७७७ रोजी, म्हणजे सुमारे सहा महिन्यांनंतर, स्वीकारण्यात आला.

मग हे चित्र खोटे म्हणावयाचे काय? तसे नाही. १८४८ साली युरोपात झालेल्या लोकशाहीवादी उठावांना अपयश आले होते. खचलेल्या मनांना धीर द्यावा, हा लॉइट्झ यांचा हेतू होता. १७७६ च्या रात्रीविषयी हे चित्र थोडेच सांगते. १८५० च्या जर्मनीतील आशा-निराशेविषयी मात्र पुष्कळ सांगते.

घोडा आणि खेचर

दुसरे उदाहरण नेपोलियनचे. मे १८०० मध्ये त्याने आल्प्स पर्वतातील सेंट बर्नार्ड खिंड ओलांडली. झाक लुई दाव्हिद याने १८०१ मध्ये काढलेल्या चित्रात तो उधळलेल्या घोड्यावर आरूढ आहे. पायाखालील खडकांवर त्याच्या नावाबरोबर हॅनिबल व शार्लमेन यांचीही नावे कोरलेली आहेत. वस्तुतः नेपोलियन सैन्याच्या मागाहून, स्थानिक वाटाड्याच्या सोबतीने, खेचरावर बसून गेला. सुमारे अर्धशतकानंतर पॉल देलारोश याने खेचरावर बसलेला, थकलेला नेपोलियन रंगविला. हे चित्र वस्तुस्थितीस अधिक जवळचे खरे. परंतु लोकांच्या स्मरणात आजही घोडाच दौडत आहे. सत्य उपलब्ध असूनही दंतकथा टिकते, ती अशी.

आपल्याकडील परंपरा

१८५७ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या सर जमशेटजी जीजीभॉय कलाशाळेतून पाश्चात्त्य वास्तवदर्शी शैली महाराष्ट्रात रुजली. तेथेच शिकून पुढे अध्यापक झालेले महादेव विश्वनाथ धुरंधर (१८६७–१९४४) यांनी शिवकालीन प्रसंग समर्थपणे रंगविले. तथापि, ६ जून १६७४ रोजी रायगडावर झालेला राज्याभिषेक आणि ही चित्रे यांच्यात दोनशेहून अधिक वर्षांचे अंतर आहे. त्या समारंभास प्रत्यक्ष हजर असलेला इंग्रज वकील हेन्री ऑक्झेंडन याने मात्र सिंहासनाजवळील सुवर्ण मत्स्यमुखे, घोड्यांच्या शेपट्या व न्यायाचे प्रतीक असलेला सोन्याचा तराजू यांची नोंद करून ठेविली आहे. चित्र भावना जागविते. नोंद माहिती देते. दोहोंचे स्थान वेगळे आहे.

शिवछत्रपतींचे म्हणून प्रचलित झालेले एक चित्र वास्तविक दुसऱ्याच व्यक्तीचे असल्याचे इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी दाखवून दिले आणि १९३३ मध्ये महाराजांचे अस्सल चित्र लोकांपुढे आणले. या दुरुस्तीने महाराजांविषयीचा आदर कमी झाला नाही. त्याला भक्कम आधार मिळाला.

चित्र कसे वाचावे?

वर्गात इतिहासाचे चित्र दाखविताना शिक्षकांनी तीन प्रश्न विचारावेत. प्रसंग केव्हा घडला व चित्र केव्हा काढले गेले? चित्रकारास माहिती कोठून मिळाली? चित्र काढण्यामागे त्याचा हेतू कोणता होता? सार्वजनिक कार्यालयात लावलेल्या चित्राखाली प्रसंगाचे वर्ष, चित्रकाराचे नाव व चित्राचे वर्ष एवढ्या तीन गोष्टी लिहिल्या, तरी पाहणाऱ्याची दृष्टी बदलेल.

जो विद्यार्थी चित्रालाच इतिहास समजून वाढतो, त्यास पुढे त्यातील चूक कळली, की मूळ पराक्रमावरील त्याचा विश्वासही डळमळतो. ध्वज नव्हता, म्हणून नदी ओलांडणाऱ्यांचे धैर्य खोटे ठरत नाही. घोडा नव्हता, म्हणून आल्प्स ओलांडला गेला नाही असेही नाही. चित्राचा आनंद चित्र म्हणून घ्यावा आणि इतिहासाचा निवाडा पुराव्यावर सोपवावा, हा विवेक नव्या पिढीस देणे हे शाळेचे व गावाचेही कर्तव्य होय.