टॉमच्या मुलांना कुणी विचारलं का?

‘तुझं आवडतं पुस्तक कोणतं?’ असं कॉलेजात विचारलं की चारातला एक जण तरी ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ म्हणतोच. तुम्ही ते वाचलं नसेल, तरी त्यातल्या अ‍ॅटिकस फिंच या वकिलावरचं एखादं रील तुमच्यापर्यंत नक्की पोचलं असेल. हार्पर ली यांची ही कादंबरी १९६० मध्ये आली, पुढच्याच वर्षी तिला पुलित्झर मिळालं. काळ १९३० च्या दशकातला, अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातलं मेकॉम्ब हे काल्पनिक गाव. टॉम रॉबिन्सन या कृष्णवर्णीय माणसावर गोऱ्या मुलीवरच्या बलात्काराचा खोटा आळ येतो. त्याने ते केलेलं नाही हे कोर्टात सगळ्यांसमोर दिसतं, तरी गोऱ्या ज्युरीचा निकाल ‘दोषी’ असाच लागतो. हे सगळं आपल्याला सांगते अ‍ॅटिकसची छोटी मुलगी स्काउट. निकाल ऐकून तिचा भाऊ जेम रडतो. खरं सांगू? मीपण रडले होते.

पण दुसऱ्यांदा वाचताना एक वाक्य अडकलं. कोर्टात टॉम सांगतो, माझं लग्न झालंय, तीन मुलं आहेत. मग ती तीन मुलं कुठायत? स्काउटला काय वाटलं, जेमला काय वाटलं, हे आपल्याला पानोपानी कळतं. बाप तुरुंगात गेला त्या रात्री टॉमच्या घरात काय झालं, शाळेत त्या पोरांना कोण काय बोललं, हे त्यांच्या तोंडून कधीच येत नाही. ही लीबाईंची चूक म्हणत नाही मी, त्यांनी स्काउटच्या बाजूची गोष्ट लिहिली. पण दुसऱ्या बाजूच्या पोरांची गोष्ट कोण सांगणार?

गंमत म्हणजे ती गोष्ट आपल्याकडे आहे. आणि ती घडते मसूर स्टेशनवर. पुण्याहून मिरजेला रेल्वेने गेला असाल तर साताऱ्याच्या पुढे हे स्टेशन तुम्ही झोपेत मागे टाकलं असेल.

साल १९०१. साताऱ्याला राहणारी चार पोरं सुट्टीत वडिलांकडे निघाली आहेत. वडील खटाव तालुक्यात दुष्काळी कामावर कॅशियर. पोरांच्या अंगावर नवे शर्ट, डोक्यावर चमकदार टोप्या, पायात नवे बूट. संध्याकाळी मसूरला उतरतात तर न्यायला कुणीच नाही, कारण येतोय म्हणून पाठवलेलं पत्र वडिलांना मिळालेलंच नाही. कपडे बघून स्टेशनमास्तरला ही ब्राह्मणाची मुलं वाटतात. तो चौकशी करतो, एक पोरगा निरागसपणे सांगून टाकतो की आम्ही महार. मास्तरचा चेहराच बदलतो.

मग एकही बैलगाडीवाला तयार होईना. दुप्पट भाडं देतो म्हटलं तरी नाही. शेवटी तोड निघाली ती अशी : गाडी पोरांनीच हाकायची, गाडीवान बाजूने चालणार. म्हणजे पैसे चालतात, शेजारी बसलेलं चालत नाही! रात्री टोलनाक्यावर पोचले. डब्यात जेवण भरपूर, प्यायला पाणी नाही. गाडीवानाच्या सल्ल्याने त्यांनी आपण मुसलमान आहोत असं सांगून पाहिलं, तरी नाकेदाराने पाणी दिलं नाही. भरल्या डब्याशेजारी पोरं उपाशी झोपली.

उत्तर देणारा तो पोरगा म्हणजे भीमराव आंबेडकर. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय, ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या छोट्याशा आठवणींत. शाळेत बसायला घरून गोणपाट न्यावं लागायचं आणि शिपाई नसेल त्या दिवशी तहान मारावी लागायची, हेही त्यातच आहे. तासाभरात वाचून होतं, आजच वाचा. आणि हे पहिलं नाही बरं का. त्याच्याही आधी, १८५५ मध्ये, पुण्यात फुले दांपत्याच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मांग समाजातल्या मुलीने मांग-महारांच्या दुःखाबद्दल निबंध लिहिला आणि तो ‘ज्ञानोदय’मध्ये छापूनही आला. मॉकिंगबर्डच्या एकशे पाच वर्षं आधी!

आता कुणी म्हणेल, वंश वेगळा, जात वेगळी. बरोबर आहे, आणि फरक मसूरलाच दिसतो. मेकॉम्बमध्ये टॉमला ‘तू कोण?’ असं विचारावं लागत नाही. आपल्याकडे बघून कळत नाही, म्हणून विचारावं लागतं. काळेवाडीत रूम शोधून बघा. एमआयडीसीत कामाला म्हणून मराठवाड्यातून, साताऱ्यातून, कुठून कुठून आलेली पोरं तापकीर चौकापासून पाचपीर चौकापर्यंत ‘भाड्याने देणे आहे’च्या पाट्या वाचत फिरतात. डिपॉझिटचा विषय निघायच्या आधी गोड आवाजात प्रश्न येतो, ‘पूर्ण नाव काय म्हणालात?’ पूर्ण नाव म्हणजे आडनाव. ते सांगितल्यावर कधी कधी रूम अचानक ‘कालच गेलेली’ असते.

मॉकिंगबर्ड वाचताना आपण सगळे आपोआप स्काउट होतो. मसूरच्या गोष्टीत मात्र मला माझी जागा सापडली, आणि ती छान नव्हती.

आमच्या घरी सगळ्या भांड्यांवर आजोबांचं नाव घातलेलं आहे. एक स्टीलचा ग्लास सोडून. तो बिननावाचा ग्लास मोरीच्या खिडकीत असायचा. माझी शाळेतली मैत्रीण खेळायला आली की आजी तिला त्यातच पाणी द्यायची, नंतर तो वेगळा विसळायची. मला वाटायचं, तो ‘पाहुण्यांचा’ ग्लास आहे. बाकीच्या मैत्रिणींना नाव घातलेला मिळतो, हे माझ्या लक्षातच आलं नाही. लक्षात आलं ते थेट कॉलेजात, टोलनाक्याचं पान वाचताना.

ती मैत्रीण आता चाकणला एका कंपनीत क्वालिटीला आहे. गेल्या महिन्यात काळेवाडी फाट्यावर चहा पिताना मी एकदाचं विचारलं, ‘तुला तो ग्लास आठवतो?’

‘अगं, तिसरीतच कळलं होतं मला,’ ती म्हणाली. ‘तुमच्याकडे यायच्या आधी मी घरूनच पाणी पिऊन यायचे. तुझी आजी कितीदा विचारायची, मी म्हणायचे, तहान नाही.’

मग तिने दोघींच्या चहाचे पैसे दिले, मला देऊ दिले नाहीत.